प्रिटी वेल

जाहिदा मॅडम वर्गात आल्या की आधी फळ्याचा उजवा कोपरा ओल्या फडक्याने पुसून घ्यायच्या. त्या कोपऱ्यात रोज पाच इंग्रजी शब्द लिहायचे आणि दिवसभर ते कुणी पुसायचे नाहीत, असा त्यांचा नेम होता. १९८८ सालची दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या आठवड्यात त्यांनी तिथे रूपाचे शब्द लिहिले. ब्युटिफुल, हँडसम, लव्हली, प्रिटी आणि अग्ली. शेवटचा शब्द वाचून मुलं हसली, तेव्हा मॅडम म्हणाल्या की तोही लागतो, लिहून घ्या.

तुळजा आठवीत होती. खाडीकडच्या गावातून रोज तासभर चालत ती भिवंडीतल्या या शाळेत यायची. गावात चौथीपर्यंतच वर्ग होते आणि तिच्या वयाच्या बहुतेक मुली आता मिठागरावर नाहीतर यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरायला जात होत्या. तुळजाची शाळा टिकली ती तिच्या आईमुळे. काशीला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण पोरीने घराबाहेर काढलेला पाय शाळेत जाऊनच टेकला पाहिजे, हा तिचा हट्ट होता.

मॅडमनी शब्दांमधला फरक समजावून सांगितला. माहुलीचा डोंगर ब्युटिफुल म्हणावा. पुरुषाला हँडसम म्हणावं. प्रिटी हा लहान, नाजूक गोष्टींचा शब्द. फूल प्रिटी, बाहुली प्रिटी, मुलगी प्रिटी. मग त्यांनी एकेकाला उभं करून वाक्य करायला लावलं. तुळजाची पाळी आली तशी ती म्हणाली, ‘‘माय मदर इज प्रिटी.’’ मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. आई कधी प्रिटी असते का, असं एकाने विचारलंही. मॅडम त्याच्याकडे वळून म्हणाल्या की का नसावी, आणि तुळजाचं वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं.

त्या दिवशी घरी जाऊन तुळजाने आईला ते सांगितलं नाही. त्यांच्या घरात कुणी कुणाला सुंदर म्हणत नसे. काशी दिसायला चांगली होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण ते बोलायचं तर बायका तिच्या केसांबद्दल बोलायच्या. न्हायल्यावर ती ओट्यावर केस वाळवत बसली की ते जमिनीला टेकायचे. तिचा नवरा पंढरी अबोल माणूस. चांगदेव शेठच्या कापडाच्या कारखान्यात तो लूम चालवायचा आणि काशी तिथेच कांडी मशीनवर बसायची. चांगदेव शेठ त्यांच्याच गावचा, भावकीतला. बापाची रस्त्याकडची जमीन विकून त्याने भिवंडीच्या कडेला चोवीस लूमची शेड उभी केली होती, आणि गावातली पाचसहा घरं त्याच्याकडे कामाला होती. काशी त्याला चांगादादा म्हणायची.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दीडच्या सुमाराला, शाळेच्या फाटकाशी सीताबाई येऊन उभी राहिली. सीताबाई आणि काशी शेजारी शेजारी बसून कांड्या भरायच्या. तिच्या लुगड्याला पुढून रक्त लागलं होतं. शिपायाने तुळजाला वर्गातून बोलावून आणलं, तेव्हा सीताबाईने एवढंच सांगितलं की तुझ्या आईला मशीनने धरलं.

झालं होतं ते असं. कांडी मशीनच्या मागे मोटारीचा पट्टा फिरायचा आणि त्याला जाळी नव्हती. पूर्वी होती, पण दुरुस्तीच्या वेळी काढलेली ती पुन्हा कुणी बसवली नाही. भरलेल्या कांड्यांची टोपली उचलायला काशी मागे वाकली, अंबाडा सुटला, आणि पट्ट्याने केस ओढून घेतले. सीताबाई मेन स्विचकडे धावली. मशीन थांबेपर्यंत केसांबरोबर डोक्याची सगळी कातडी निघून आली होती, मानेच्या वरपासून कपाळापर्यंत, आणि कपाळाखाली उजवी भुवई आणि पापणीसुद्धा.

काशी शुद्धीवर होती. ती ओरडलीही नाही, असं सीताबाई पुढे कित्येक वर्षं सांगायची. ती डोक्याला हात लावायला गेली आणि सीताबाईने तिचे दोन्ही हात धरून ठेवले. पट्ट्यात अडकलेले केस आणि कातडी तिनेच सोडवली, कोऱ्या कापडात गुंडाळली आणि वाटेत शाळेवरून तुळजाला घेऊन काशीबरोबर जीपमध्ये नेली, कारण तिला वाटलं होतं की डॉक्टर ते परत बसवतील. मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तिथल्या नर्सने कापड उघडून बघितलं आणि ते बाजूला ठेवलं.

काशी त्या इस्पितळात सात आठवडे होती. मांडीची कातडी काढून डोक्यावर लावली. ती एकदा धरली नाही, मग दुसऱ्यांदा लावली. पंढरीला शिफ्ट सोडून रोज जाता येईना, म्हणून तुळजा आईजवळ राहिली. शाळा बुडाली. वॉर्डात इतर बाया होत्या, बहुतेक भाजलेल्या. ड्रेसिंग बदलायची वेळ झाली की ज्यांची पाळी नसायची त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

सकाळी मोठे डॉक्टर पाचसहा शिकाऊ डॉक्टरांना घेऊन यायचे आणि पलंगापाशी उभे राहून इंग्रजीत बोलायचे. तुळजा पायथ्याशी उभी राहून ऐकायची. बोलणं इतकं भरभर चालायचं की तिला त्यातलं काही धरता येत नसे. एक दिवस मात्र, डॉक्टर आईच्या चेहऱ्यावरची पट्टी उचलून बघत असताना, तिला ओळखीचा शब्द ऐकू आला. प्रिटी. त्याच्यापुढे बॅड असाही शब्द होता, तोही तिला येत होता. तिने आपल्या मनाशी त्याची फोड केली. डॉक्टर म्हणतात, बाई सुंदर आहे, जखम वाईट आहे.

डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेल्यावर काशीने विचारलं, ‘‘काय बोलला ग डाक्टर?’’

‘‘तू प्रिटी हाय म्हणाले,’’ तुळजा म्हणाली. ‘‘प्रिटी म्हणजे सुंदर.’’

काशीचा अर्धा चेहरा पट्टीखाली होता. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर तिने जे केलं ते हसणंच होतं. थोड्या वेळाने तिने तो शब्द पुन्हा म्हणून दाखवायला सांगितला आणि स्वतः म्हणून बघितला. जखम वाईट आहे हा भाग तुळजाने सांगितला नाही. तो आईला ठाऊकच होता, असं तिला वाटलं.

त्या दिवसापासून काशी जेवायला लागली. त्याआधी ती चमच्याने भरवलेली पेजही ओठातून बाहेर काढायची. शेजारच्या पलंगावरच्या बाईला तिने सांगितलं की इथला मोठा डॉक्टर मला काय म्हणाला. सीताबाई भेटायला आली तर तिलाही सांगितलं. वॉर्डात आरसा नव्हता आणि काशीने तो कधी मागितला नाही.

जानेवारीच्या शेवटी तिला घरी सोडलं. सोडताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पंढरीला आणि तुळजाला बसवून मराठीत नीट समजावलं. डोक्याचं काम झालं होतं, डोळ्याचं नाही. उजव्या डोळ्याची वरची पापणी अर्धीच उरली होती आणि तो मिटत नव्हता. झोपेतही उघडा राहायचा. त्यात दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे, रात्री मलम भरून पट्टी बांधायची, धूळ जाऊ द्यायची नाही. मार्चमध्ये पापणी करायचं ऑपरेशन होतं. तारीख लिहून दिली होती. ती चुकवू नका, असं त्या दोनदा म्हणाल्या.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी काशीने पितळी तांब्या उचलून त्यात बघितलं. बघून तिने तो पालथा ठेवला. दुपारी तिने फडक्याने डोकं बांधलं, त्यावरून पदर उजव्या बाजूने पुढे ओढला आणि भाकऱ्या करायला बसली. तुळजाला ती एवढंच म्हणाली की डॉक्टरने पट्टी होती तवा बघितलं असंल. मग जरा थांबून स्वतःच म्हणाली की नाही, पट्टी त्यानेच तर उचलली होती.

फेब्रुवारीत चांगदेव शेठ घरी आला. तो आधीही येऊन गेला होता, इस्पितळात जायला जीप त्याचीच होती, औषधंही त्याने आणली होती, आणि काशीला त्याचे मोठे उपकार वाटायचे. या वेळी त्याच्या हातात टाईप केलेला कागद होता. कुणीतरी सरकारात कळवलं होतं की त्याच्या शेडमध्ये बाई मशीनमध्ये सापडली. आता साहेब तपासायला येणार होता. त्याआधी हा कागद जायला हवा होता.

‘‘काय लिवलंय?’’ पंढरीने विचारलं.

चांगदेव म्हणाला की काशीचे सगळे उपचार मी केले, ती बरी झाली, असं लिहिलं आहे. कोर्टाजवळच्या टायपिस्टने इंग्रजीत केलं. मग त्याने तुळजाकडे बघितलं आणि हसून पंढरीला म्हणाला, ‘‘तुझी पोर शिकते ना इंग्रजी? वाच गे.’’

तुळजाने कागद हातात घेतला. आठ-नऊ ओळी होत्या. आईचं नाव तिला वाचता आलं, तारीख वाचता आली. मधले कितीतरी शब्द लांबलचक होते आणि त्यांच्यावरून तिची नजर घसरत पुढे गेली. घरात सगळे तिच्याकडे बघत होते. ओट्यावर शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. आणि पाचव्या ओळीत तिला तो शब्द दिसला.

तिने मोठ्याने वाचलं, ‘‘शी इज प्रिटी वेल अँड फिट.’’ आणि अर्थ सांगितला, ‘‘आई सुंदर आहे, बरी आहे आणि धडधाकट आहे.’’

ओट्यावरच्या बाया हसल्या. चांगदेवही हसला. काशीने पदर तोंडावर धरला. पंढरी मात्र कागदाकडेच बघत होता.

‘‘सगलं वाचलंस ना?’’ तो म्हणाला.

‘‘हो,’’ तुळजा म्हणाली.

‘‘दुसरं काय न्हाय ना त्यात?’’

‘‘न्हाय.’’

काशीने अंगठा उठवला. चांगदेवने त्याची एक कार्बन प्रत पंढरीला दिली आणि पंढरीने ती रेशनकार्डात घालून ठेवली.

दुसऱ्या दिवशी चांगदेवने निरोप पाठवला की साहेब येईल तेव्हा काशी मशीनवर दिसली तर बरं, बसून राहिली तरी चालेल, हलकं काम करायचं. काशी गेली. साहेबाने तिला विचारलं की ठीक आहात ना, आणि तिने मान हलवली. पट्ट्याला आता जाळी बसवलेली होती. साहेब गेल्यावरही तिला कुणी घरी जा म्हटलं नाही आणि तीही गेली नाही. नुसतं घरात बसून तिला नको झालं होतं. कांडी खात्यात कापसाचे तंतू हवेत सारखे उडतात. काम करणाऱ्यांच्या भुवया संध्याकाळी पांढऱ्या दिसतात. काशी पदराने डोळा झाकायची, पण कांडी लावायला दोन्ही हात लागतात आणि पदर सारखा सरकायचा.

मार्चमधली तारीख आली तशी पंढरी जीप मागायला गेला. चांगदेवने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला की आता इस्पितळ कशाला. कागदावर काशीनेच लिहून दिलं आहे की ती बरी आहे, पुढे काही करायचं नाही. सरकारात तसं गेलं आहे. आता परत इस्पितळात नेली तर साहेब विचारणार की मग कागद खोटा का.

‘‘आनि पापनी म्हंजे रूपाचं काम,’’ चांगदेव म्हणाला. ‘‘जिवाचं काम व्हतं ते मी केलं.’’

पंढरीने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. रागावला नाही. त्याने रेशनकार्डातून कागद काढला, तुळजापुढे धरला आणि विचारलं की पुढे काही करायचं नाही, हे कुठे लिहिलंय. तुळजाने पुन्हा सगळा कागद बघितला. मग ती म्हणाली की मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने तो कागद जाहिदा मॅडमना दाखवला. मॅडमनी तो उभ्यानेच वाचला, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं की अपघात बाईच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. तिची तब्येत आता चांगली असून ती कामाला योग्य आहे. तिला यापुढे कोणत्याही उपचाराची गरज नाही आणि मालकाकडून तिचं काहीही मागणं नाही.

‘‘तू काय सांगितलंस घरी?’’ मॅडमनी विचारलं.

तुळजाने सांगितलं. मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर ते वाक्य लिहिलं आणि शब्दाखाली रेघ मारली. म्हणाल्या, ‘‘इथे प्रिटीचा सुंदरशी काही संबंध नाही. असा तो दुसऱ्या विशेषणाच्या आधी आला ना, की त्याचा अर्थ बऱ्यापैकी. प्रिटी वेल म्हणजे बऱ्यापैकी बरी. प्रिटी हॉट म्हणजे चांगलंच गरम.’’

‘‘आणि प्रिटी बॅड?’’

‘‘चांगलंच वाईट. हे कुठे वाचलंस?’’

तुळजा म्हणाली की असंच.

‘‘मी तुम्हाला हे शिकवलंच नाही,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘आठवीला पुढचं कशाला, असं वाटलं मला.’’

मॅडम निजामपुऱ्यात राहायच्या. त्यांच्या सासरच्या माणसांचेही लूम होते आणि मालक लोक कसे बोलतात ते त्यांना ठाऊक होतं, तरी त्या संध्याकाळी तुळजाला घेऊन चांगदेवकडे गेल्या. चांगदेवने त्यांना मान दिला. चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की मॅडम, मला इंग्रजी येत नाही, टायपिस्टने लिहिलं, पोरीने वाचलं, काशीने अंगठा दिला, यात मी कुठे आलो. तुळजा दाराशी उभी होती. त्या क्षणी तिला वाटलं की तो म्हणतो ते बरोबर आहे.

तोवर काशीचा डोळा लाल झाला होता. पाणी गळायचं. थेंब संपले होते, आणि गावातल्या कुणीतरी सांगितलेलं गुलाबपाणी ती घालत होती. पंढरीने शेवटी चार दिवसांचा खाडा करायचं ठरवलं, पण मार्च संपताना शेडमध्ये दोन माणसं कमी पडली आणि त्याचं जाणं राहिलं. मग एप्रिलच्या मध्यावर जाहिदा मॅडमच म्हणाल्या की मी घेऊन जाते. रमजानचे रोजे चालू होते. मॅडमनी रजा टाकली आणि पहाटेची सहेरी करून, दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता, त्या काशीला आणि तुळजाला घेऊन बसने मुंबईला गेल्या. बसमध्ये काशी खिडकीकडे बसली होती. डोळ्यावर हात धरून ती मॅडमना सांगत होती की त्या इस्पितळातला मोठा डॉक्टर फार चांगला आहे, त्याने मला असं असं म्हटलं होतं. मॅडमनी तुळजाकडे बघितलं. तुळजा समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती.

जानेवारीत समजावून सांगणाऱ्या त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बॅटरी डोळ्यावर धरली आणि त्यांचा आवाज चढला. बुबुळावर फूल पडलं होतं आणि त्याखाली पू झाला होता. तारीख दिली होती ना, असं त्यांनी विचारलं. काशीने तुळजाकडे बघितलं, तुळजाने मॅडमकडे. मॅडमनी कागदाचं सांगायला सुरुवात केली, पण डॉक्टरीणबाईंना तेवढा वेळ नव्हता. दोन आठवडे औषध करून बघितलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उजवा डोळा काढावा लागला, नाहीतर दुसऱ्यालाही धोका होता. मार्चमध्ये पापणी झाली असती तर डोळा वाचला असता, असं त्या पंढरीला म्हणाल्या. पंढरीने ते ऐकलं आणि घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. तुळजा त्याच्या मागे उभी होती हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

काशी त्यानंतर कांडी मशीनवर बसली नाही. एका डोळ्याने तुटलेला धागा दिसत नसे. वर्षभराने ती सुकट, बोंबील आणि मीठ घेऊन पडघ्याच्या बाजाराला जायला लागली. पंढरी मात्र चांगदेवच्याच शेडमध्ये राहिला. दुसरीकडे कुठे जायचं, तर तिथेही असाच मालक आणि असेच लूम, असं तो म्हणायचा. चांगदेव लग्नात, हळदीत भेटला की काशी बाजूला व्हायची. त्याला दादा म्हणणं तिने सोडलं, दुसरं काही म्हणाली नाही.

तुळजा दहावी झाली, बारावी झाली आणि डी.एड.ला लागली. नव्वदच्या सालात जाहिदा मॅडमनी तिला एक जुना जाडजूड शब्दकोश दिला होता. पुढच्या पाच वर्षांत तिने त्याची पानं सुटी होईपर्यंत वापरला. कोणताही शब्द वाचताना तिला आता त्याच्या आधीचा आणि नंतरचा शब्द बघितल्याशिवाय पुढे जाता येत नसे. वर्गमैत्रिणी तिला त्यावरून चिडवायच्या.

१९९५च्या जानेवारीत तिला एका शाळेत सरावाचा पाठ घ्यायचा होता आणि वाट्याला विशेषणं आली. फळ्यावर शब्द लिहिताना तिचा हात थांबला. निरीक्षक मागे बसले होते. तिने तो एक शब्द वगळून पाठ पुरा केला. संध्याकाळी घरी आली तेव्हा काशी ओट्यावर बसून बोंबील निवडत होती. तुळजा तिच्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. कागद तिला वाचता आला नव्हता. अर्धे शब्द कळले नव्हते. बाबांनी दोनदा विचारलं आणि ती दोन्ही वेळा खोटं बोलली.

काशीचे हात चालूच होते. शेवटी ती म्हणाली, ‘‘वाचता न्हाय आलं, तर न्हाय आलं सांगायचं.’’

‘‘हो.’’

‘‘तेरा वर्षांची व्हतीस. सांगता आलं असतं.’’

तुळजाला वाटत होतं की आई म्हणेल, जाऊ दे, पोर होतीस. काशी ते म्हणाली नाही. तिने निवडलेले बोंबील पाटीत भरले, वर गोणपाट टाकलं आणि मग डावा डोळा पोरीवर रोखून विचारलं, ‘‘आनि त्यो डाक्टर? त्याचं पन असंच व्हतं का?’’

सहा वर्षं ती ते सांगत आली होती. पडघ्याच्या बाजारातल्या बायांना, नव्याने गावात आलेल्या सुनांना, कुणी पदराखाली निरखून बघितलं की त्यांनाही. मुंबईच्या डॉक्टरने मला प्रिटी म्हटलं, म्हणजे सुंदर. तुळजाला खोटं बोलायला एक शब्द पुरला असता, आणि तो तिच्या ओठावर आलाही होता.

‘‘तो जखमेबद्दल बोलत होता,’’ ती म्हणाली. ‘‘जखम फार वाईट आहे, म्हणाला. मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं तरी मी सांगितलं नाही.’’

काशी उठली. चुलीपाशी जाऊन तिने तवा ठेवला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही ती पोरीशी कामापुरतं बोलली. पंढरीने काय झालं म्हणून विचारलं तर दोघींनीही काही सांगितलं नाही. पुढच्या बाजाराला सीताबाई तिच्याबरोबर गेली होती. तिने येऊन तुळजाला सांगितलं की एका बाईने डोक्याचं विचारलं, तर काशी म्हणाली मशीनने ओढलं, आणि गप्प झाली. पूर्वी ती त्याच्यापुढेही बोलायची. आपण बरोबर केलं की आईजवळ उरलेली एकुलती एक गोष्टही काढून घेतली, हे तुळजाला तेव्हा ठरवता आलं नाही आणि पुढेही आलं नाही.

मार्चमध्ये गावच्या शाळेत मतदार ओळखपत्रांचे फोटो काढायला माणसं आली. भिंतीला निळं कापड लावलं होतं, पुढे एक स्टूल. बायकांची रांग लांब होती. काशीची पाळी आली तेव्हा फोटो काढणारा माणूस म्हणाला की मावशी, पदर थोडा मागे घ्या, तोंड पूर्ण दिसायला पाहिजे. तुळजा पुढे होऊन त्याला काहीतरी सांगायला निघाली होती.

काशीने तिला हातानेच थांबवलं. तिने पदर खांद्यावर घेतला, आणि मग कुणी सांगितलं नसताना डोक्याचं फडकंही सोडून मांडीवर ठेवलं. सहा वर्षांत गावाने ते डोकं बघितलं नव्हतं. मांडीची कातडी लावलेलं, ठिगळाठिगळाचं, केस नसलेलं. उजवीकडे भुवई नाही, पापणी नाही, डोळ्याच्या जागी बसकी खाच. तिने पाठ ताठ केली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. त्या माणसाने एकदा मान वर केली, मग खाली वाकून फोटो काढला आणि पुढचं नाव पुकारलं.

काशी स्टुलावरून उठली. फडकं तिने तिथल्या तिथे बांधलं नाही. घडी करून कमरेला खोचलं आणि उन्हातून चालत घरी निघाली. तुळजा दहा पावलं मागे चालत होती. आईने तिला जवळ बोलावलं नाही आणि मागे रहा असंही म्हटलं नाही.